रंग नंतर फासलेला नाही, आधी पुसलेला आहे

ग्रीक पुतळ्यांच्या फोटोंसोबत एक मजकूर हमखास फिरतो. म्हणणं असं: ग्रीकांनी संगमरवर मुद्दाम शुभ्र ठेवला, कारण त्यांची अभिरुची संयत होती, रंगाचा काही पुरावा नाही, रंगीत पुतळे ही आजच्या संशोधकांची टूम आहे, आणि रंगवल्यावर ते जत्रेतल्या बाहुल्या वाटतात.

मुद्दाम शुभ्र? इ.स.पू. 412 मधल्या युरिपिडीसच्या नाटकात हेलन स्वतःच्या रूपाला विटून म्हणते, पुतळ्यावरून पुसावं तसं हे रूप पुसता आलं असतं तर! पुतळे कोरेच असते, तर अथेन्सच्या प्रेक्षकांना यातून काय कळलं असतं? रोमन लेखक प्लिनीनं एक आठवण नोंदवली आहे. ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीसला विचारलं, तुझे स्वतःचे कुठले पुतळे तुला आवडतात? तो म्हणाला, निकियासचा हात फिरलेले. निकियास चित्रकार होता.

पुरावा नाही हे तर सपशेल खोटं. एजिना बेटावरच्या अफाया मंदिरातला गुडघा टेकलेला धनुर्धारी म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहे. समोरून पाहिला तर दगड कोरा. दिवा बाजूला नेऊन उजेड अगदी तिरपा टाकला, की अंगाला घट्ट बसलेल्या विजारीवर शंकरपाळ्यांची नक्षी उमटते. सगळे रंग एका वेगानं झडत नाहीत. टिकाऊ रंगाखालचा दगड वाचतो, कच्च्या रंगाखालचा झिजतो. तो केसभराचा उंचसखलपणा सावलीत दिसतो. ‘इजिप्शियन निळा’ हा प्राचीन रंग तर कणभर उरला तरी पुरतो. लाल उजेड पडला की तो अवरक्त किरण सोडतो. डोळ्यांना दिसत नाहीत, खास कॅमेऱ्याला दिसतात. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातल्या आयरिस देवीच्या कमरपट्ट्यावर तो 2009 मध्ये असाच सापडला, ब्रिटिश म्युझियममध्ये. याच संग्रहालयात 1937–38 साली पार्थेनॉनची कितीतरी शिल्पं तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली होती, ती आणखी पांढरी दिसावीत म्हणून!

आजची टूम म्हणाल, तर शिल्पकार जॉन गिब्सननं रंग दिलेली व्हीनस 1862 मध्येच लंडनच्या प्रदर्शनात मांडली होती, आणि 1868 मध्ये चित्रकार आल्मा-टाडेमानं पार्थेनॉनची शिल्पपट्टी रंगीतच चितारली.

मग शुभ्रतेचं खूळ आलं कुठून? जमिनीतून निघालेल्या पुतळ्यांचे रंग बहुतेक उडालेले होते, आणि प्रबोधनकाळातल्या शिल्पकारांनी तोच आदर्श मानला. 1764 मध्ये जर्मन कला-इतिहासकार विंकेलमाननं, शरीर जितकं पांढरं तितकं सुंदर, असं लिहून त्यावर शिक्काच मारला. हा गृहस्थ ग्रीसला कधी गेलाच नाही. त्यानं पाहिल्या त्या बहुतांशी रोममधल्या प्रती. आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही विद्यार्थी रेखाटन शिकले ते प्लास्टरच्या पांढऱ्या प्रती समोर ठेवूनच. डोळ्यांना तीच सवय लागली, यात नवल नाही.

बाहुल्यांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. 2003 च्या म्युनिकमधल्या प्रदर्शनात पुरातत्त्वज्ञ फिन्झेन्झ ब्रिंकमान यांनी मांडलेल्या रंगीत प्रती मलाही फोटोत सपाट आणि भडक वाटतात. पण ही तक्रार कितपत रंग आणि कसा, याची आहे. रंग होता की नव्हता, याची नाही. वरचे नाजूक थर आधी जातात, हाती लागतो तो बहुधा तळाचा रंग. त्यावर निकियाससारख्यानं काय छटा दिल्या असतील, हा अभ्यास अजून चालू आहे. त्या धनुर्धाऱ्याचीही एकच रंगीत प्रत करून ब्रिंकमान थांबले नाहीत.