सात महिने टायफॉइड

आज ऑफिसात एका मुलीची मुलाखत होती. पॅनेलवर आम्ही तिघं. मुलगी चोख निघाली, डेटाबेसचे प्रश्न तिने असे सोडवले की मलाच वाटलं, जरा कठीण काढायला हवे होते. मग आमच्यातल्या एका सरांनी सीव्हीवर पेन टेकवलं. "हे आठ महिने काय करत होतात?"

"तब्येतीचं कारण होतं सर. आता बरी आहे."

"म्हणजे नेमकं काय झालं होतं?"

ती गप्प. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. मी तिथेच "चला, पुढचा प्रश्न" म्हणू शकले असते. माझ्या हातात होतं. पण म्हटलं नाही.

ती गेल्यावर सरांनी लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. लिंक्डइनवरचा तिचा जुना फोटो. "बघा, नाक वेगळं आहे की नाही? बाई आठ महिने नाकाला घेऊन बसली. ही काय डेडलाइन पाळणार!" तिसरे सर हसले.

मीही हसले.

घरी आले, कुकर लावला, तीन शिट्ट्यांऐवजी सात होऊन गेल्या. जेवण झालं तरी ते हसणं काही खाली उतरेना, म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना झोप आलीय त्यांनी जा.

तर मंडळी, माझ्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही जबड्यांत टायटॅनियमच्या पट्ट्या आहेत. २०१८ पासून. या ऑफिसात कोणालाच माहीत नाही, आणि इथल्या मुलाखतीत माझ्या सात महिन्यांच्या गॅपबद्दल मीही "तब्येत" असंच म्हणाले होते. तब्येत ठणठणीत होती. मी चेहरा बदलायला गेले होते.

शाळेतले लोक इथे आहेत, त्यांना आठवत असेल मला काय म्हणायचे. चांदोबा. गोष्टीच्या पुस्तकात चंद्राला बाजूने नाक-हनुवटी काढलेली असते ना, तशी माझी बाजू. खालचा जबडा पुढे, वरचे दात खालच्यांच्या मागे. ज्यांना वाटतंय की बिचारीला चावता येत नसेल, त्यांना सांगते, येत होतं. ऊस दाताने सोलून खायचे मी. मला माझा चेहरा बाजूने बघायला आवडत नव्हता, एवढंच. आणि "तू आधीपण छानच दिसायचीस गं" असं खाली कोणी लिहू नका. त्या फोटोंमध्ये मी कायम कॅमेऱ्याकडे तोंड करूनच का उभी असायचे, ते तेव्हा कोणी विचारलं नाही.

आता टायफॉइडचं सांगते.

ऑपरेशनचा पाचवा दिवस. तोंड असं सुजलेलं की डोळे बारीक झाले होते. दोन्ही जबडे रबरांनी एकमेकांना अडकवलेले. सिरिंजला नळी लावून पेज गालाच्या कडेने आत सोडायची, ते बाबांचं काम, कारण आईला ते बघवायचं नाही. आणि मोबाइल वाजला. महिनाभर आधी जिथे अर्ज केला होता त्या कंपनीच्या एचआरबाई. मी हातवारे करतेय, उचलू नका, उचलू नका. बाबांनी उचलला. पोस्टात तीस वर्षं काउंटरवर बसलेला माणूस, वाजणारा फोन त्यांना बघवत नाही.

"हो, तिचे वडील बोलतोय. ती बोलू शकत नाही. टायफॉइड झालाय."

पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या. बाबा थोडे थांबले आणि म्हणाले, "हो. आमच्याकडे टायफॉइडमध्ये बोलता येत नाही."

मला हसू आलं, आणि टाके घातलेल्या तोंडाने हसणं काय असतं ते शत्रूलाही कळू नये.

पण त्या एका वाक्याने पुढचे किती महिने खाल्ले! आत्या आली बघायला. मावशी मोसंबी घेऊन आली, शेजारच्या काकू मुगाची खिचडी. सुजलेलं तोंड बघून काकू म्हणाल्या, "टायफॉइडमध्ये एवढं सुजतं?" आईने सांगितलं, औषधाची रिअॅक्शन. म्हणजे टायफॉइडला पिल्लूही झालं. पुढे त्याच एचआरबाईंचा फोन, "अब टायफॉइड कैसा है?" आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच. इतके महिने? मी म्हणाले, उलटला होता. नाही मिळाली ती नोकरी.

सात महिने का लागले, तेही सांगते, कारण हे कोणी धड सांगत नाही. जबड्याचं काम आधी दातांपासून सुरू होतं. दीड वर्ष ब्रेसेस. आणि ते दीड वर्ष दात मुद्दाम अशा जागी नेतात की चेहरा होता त्याहून वाईट दिसतो, कारण आजवर दातांनी वाकून-तिरकं होऊन जबड्याचं सांभाळून घेतलेलं असतं, ते सगळं आधी सोडवावं लागतं. म्हणजे सुंदर व्हायला निघालेली बाई दीड वर्ष जास्तच चांदोबा होऊन मीटिंगला बसते. मग ऑपरेशन. तोंडाच्या आतून हाड कापून, सरकवून, पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात, बाहेर व्रण नाही. पहिले दोन आठवडे पातळ, दीड महिन्यापर्यंत मऊ. मी वरण-भातसुद्धा मिक्सरमधून पिऊन बघितलाय, नका करू. सूज तीन महिन्यांत बरीच जाते, उरलीसुरली वर्षभर रेंगाळते. खालचा ओठ बधिर. माझ्या हनुवटीचा रुपयाएवढा भाग आजही बधिर आहे, तिथे आमटी सांडली तर समोरच्याने सांगावं लागतं.

मी आधी दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली होती. राजीनामा द्यायची हौस नव्हती मला. तेव्हाच्या मॅनेजरला खरं कारण सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. तो म्हणाला, "का, लग्न जमत नाहीये का?"

हे वाक्य टाइप करतानाही कान गरम झाले.

मग म्हणाला, इमर्जन्सी नसेल तर बसत नाही. आपल्या राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि साठवलेल्या रजा जास्तीत जास्त ४५. माझ्याकडे साठलेल्या ३१. दिला राजीनामा. नव्वद दिवसांची नोटीस, ऑपरेशनच्या तारखेशी जुळवून. शेवटच्या आठवड्यात दातांचे डॉक्टर म्हणाले, दात अजून तयार नाहीत, दोन महिने थांबू. तारीख तुम्ही ठरवत नाही, सर्जनही ठरवत नाही, दाढा ठरवतात! मार्च-एप्रिल मी घरी बसले, पगार नाही, ऑपरेशन नाही, तोंडात तारा. कोणी या वाटेने जाणार असाल तर दोन्ही डॉक्टरांनी मिळून तारीख दिल्याशिवाय राजीनाम्याचा मेल टाइपही करू नका. आणि कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, स्वतःची पॉलिसी आधीच काढा. तो पैसा या ऑपरेशनला मिळणार नाही, पण त्या महिन्यांत डेंग्यू झाला तर?

पैशांचं तर प्रहसनच होतं. कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के जीएसटी आहे. जन्मजात व्यंग किंवा वाढीतला दोष सुधारायचा असेल तर नाही. माझ्या फाइलवर डॉक्टरांनी 'वाढीतला दोष' लिहिलं, जीएसटी वाचला. नोकरी सुटायच्या आधी तीच फाइल मी विमा कंपनीला पूर्वमंजुरीसाठी पाठवली होती, ती 'कॉस्मेटिक' म्हणून परत आली. तोच जबडा, एका काउंटरवर दोष आणि दुसऱ्या काउंटरवर हौस. साडेतीन लाख माझ्या एफडीतून गेले.

हो, हौसच होती. हेच तर म्हणतेय. तिला आजाराचा वेष का घालावा लागतो? माझ्या ओळखीतल्या एकाने घर बांधायला चार महिने बिनपगारी रजा घेतली, सगळे त्याला पेढे मागत होते. हिमालयात ट्रेकला सुट्टी टाका, बॉस स्वतः फोटो लाइक करतो. मुलाच्या दहावीसाठी आया वर्षभर घरी बसतात आणि आपण कौतुक करतो. आपल्या चेहऱ्यासाठी बसलं की मात्र थिल्लर. आणि त्याच चेहऱ्यावरून कांदेपोहे खाऊन नकार देणारे गंभीर लोक!

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काका वर्षातून दोनदा तरी एक मेसेज फॉरवर्ड करतात. टिपूच्या कैदेत नाक कापलेला कावसजी नावाचा बैलवाला, पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं, आणि १७९४ मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं. खरी गोष्ट आहे ती, मलाही अभिमान वाटतो. पण हेच काका मागे एका नटीच्या ओठांवरून "थेरं" म्हणाले होते. बरं, युद्धात कापलेलं नाक परत मिळवणं वेगळं आणि धडधाकट हनुवटी आत ढकलणं वेगळं, मान्य. तरी कावसजीही काही श्वास अडला म्हणून गेला नसेल. लोकांत तोंड दाखवायचं होतं त्याला.

आणि हो, माझ्या रजेचा भार टीमवर पडला असता, हेही मान्य. पैसे होते म्हणून हे चोचले, तेही मान्य. पुढे.

इथपर्यंत लिहून चहा करून आले. आता राग त्या सरांवर उरला नाहीये खरं तर. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, शेजारी कोण बसलंय. मला माहीत होतं. ती झाकण फिरवत होती तेव्हा त्या खोलीत एकच माणूस होता ज्याला कळत होतं की ती मनात कुठला टायफॉइड शोधतेय. आणि तिने नाक केलंय की नाही, हेही मला माहीत नाही. खरंच आजारी असेल. कोणाचं दुखणं काढत बसली असेल. काहीही असेल, आठ महिने तिचे आहेत.

बाबांना फोन केला आत्ता, दहा वाजता, म्हणजे त्यांच्या हिशेबाने मध्यरात्री. विचारलं, तेव्हा टायफॉइडच का म्हणालात? इतकी वर्षं मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगत आलेय, पण आज विचारताना आवाज चढला माझा. म्हटलं, तुम्हाला लाज वाटत होती का माझी? कारण ऑपरेशनच्या आदल्या रात्री ते म्हणालेच होते की देवाने दिलेल्याला हात लावू नये.

बाबा म्हणाले, "लाज कसली. मला ते ऑपरेशनचं नाव येत नव्हतं गं. आणि चेहऱ्याचं म्हटलं असतं तर त्या बाईने तुला नापास केलं असतं." मग म्हणाले, "तुला तरी धड सांगता यायचं का तेव्हा, कशाला करतेयस ते?"

नव्हतं येत. खरं आहे.

दर तीन तासांनी उठायचे ते. रात्री दोनचा गजर लावलेला असायचा. नळी गालाशी धरून, दिवा न लावता, मोबाइलच्या उजेडात. एक दिवस म्हणाले, "आता बाजूने बघ जरा." आरसा धरला त्यांनीच. मी रडले तर म्हणाले, रडू नको, रबरं सुटतील.

मुलाखतीचा फॉर्म उद्या अकराच्या आत भरायचाय. त्यात 'गॅपबद्दल शेरा' असा रकाना आहे. मी लिहिलंय, 'विचारायची गरज नव्हती.' खाली 'निवड करावी'. सर उद्या विचारतील, एवढी खात्री कशी, तेव्हा एक्स-रे दाखवावा की काय बघते. फोनमध्ये आहे, स्क्रू मोजता येतात.

ही पोस्ट ऑफिसच्या लोकांपासून लपवणार होते. नाही लपवली.

आणि मावशी, तू वाचतेयस माहितीय. माफ कर गं. ती दोन डझन मोसंबी बाबांनी खाल्ली.