प्लिंथनं गायचं नसतं

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: जुनं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, हाती आलं की त्याचा मूळ प्लिंथ, म्हणजे खालची लाकडी पेटी, फेकून द्या. अस्सल सागाच्या एकाच जाड पाटात मशीन बसवा. साग आवाजात गोडवा आणतो, प्लायवूड आवाज मारतं. साग तेलकट, म्हणून तो हलत नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाचा साग उगाच नेला नाही. प्लिंथ जितका जड तितका चांगला, मशीन कोणतंही असो. आणि खाली पितळी स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, लावा, कंपनं जमिनीत उतरतात.

मी नागपुरात राहतो, गॅरार्ड ४०१ हे जुनं टर्नटेबल वापरतो आणि हे सगळं एकदा करून बसलो आहे. म्हणून हे उत्तर.

आधी गोडव्याचं. मिरजेचा तंबोरा घ्या. त्याचा भोपळा आणि त्यावरची तूनाच्या लाकडाची तबली कंपन पावण्यासाठीच घडवलेली असते. तार छेडली की सगळं अंग बोलायला हवं. टर्नटेबलमध्ये नेमकं उलटं आहे. सुईला फक्त एक गोष्ट कळते: रेकॉर्डची चर तिच्या तुलनेत किती हलली. ती हालचाल चरीत कोरलेल्या गाण्यामुळे झाली की आर्मखालचं (सुई धरणाऱ्या दांडीखालचं) लाकूड थरथरलं म्हणून झाली, हे तिला ओळखता येत नाही. दोन्ही ती सारख्याच इमानानं स्पीकरकडे पाठवते. म्हणजे प्लिंथनं आवाजात काही 'आणलं', तर ते रेकॉर्डमध्ये नसलेलं काहीतरी असतं. कुणाला ते कानाला गोड लागेलही. पण ते किशोरीताईंचं नाही, लाकडाचं आहे.

घरी करून बघा. सागाचा पाट एका कोपऱ्यात धरून बोटाच्या पेरानं ठोका. स्वच्छ, लांबणारा आवाज येतो. मग १८ मिलिमीटरच्या प्लायचे तीन तुकडे एकमेकांना चिकटवून ठोका. ठप्प. हा ठप्पच हवा आहे. प्लायमध्ये प्रत्येक थरातल्या लाकडाच्या रेषा आधीच्या थराला आडव्या असतात आणि मधे गोंद असतो, त्यामुळे कंपन एका दिशेनं मोकळं धावत नाही, लवकर विरतं. अट एवढीच की प्लाय चांगलं हवं. लकडगंजात, म्हणजे आपल्या लाकडाच्या बाजारात, प्लाय घेताना नुसता वरचा पापुद्रा पाहू नका, कापलेली कड बघा. आत पोकळ्या दिसल्या तर तो तुकडा परत ठेवा. आयएस ७१० चा मरीन प्लाय घेतला की बहुतेक काळजी मिटते.

आता 'साग हलत नाही'. मेसेजमधलं सर्वात महागात पडणारं वाक्य हेच. सागातलं तेल त्याला वाळवीपासून आणि कुजण्यापासून वाचवतं, हे खरं. इतर पुष्कळ लाकडांपेक्षा तो कमी हलतो, हेही खरं. पण कमी हलणं म्हणजे न हलणं नव्हे, आणि नागपूर म्हणजे पुणे नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तोच ऐंशीच्या वर. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या पाटाच्या ओलाव्यात या दोन टोकांमध्ये सहा टक्क्यांचा जरी फरक पडला, तरी लाकडाच्या रेषांना आडव्या दिशेत तो चार मिलिमीटरच्या वर आटतो-फुगतो. लांबीत जवळजवळ काहीच नाही, सगळं रुंदीत. ज्या पाटावर धातूचं मशीन स्क्रूनं आवळलेलं आहे आणि मधोमध मोटरसाठी मोठं भोक आहे, त्याला या चार मिलिमीटरचं काय करायचं ते कळत नाही. मग तो वाकतो, नाहीतर फाटतो.

माझा पाट फेब्रुवारीत बसवला होता. करणारे मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "भाऊ, एकच पाटी नोका घेऊ. उन्हाळ्यात अटन, मंग चीर पडनच." मी ऐकलं नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भोकाच्या कोपऱ्यातून रेषेच्या दिशेनं चीर गेली आणि आर्मची बाजू थोडी खाली झुकली. पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका बाजूला पळालेला.

आणि दारांचं म्हणाल, तर दारंच मिस्त्रींची बाजू घेतात. चंद्रपूर जिल्ह्यातला साग २०२३ मध्ये अयोध्येला गेला, याचा मलाही अभिमान आहे. पण नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं पॅनेलचं दार नीट बघा. बाहेर उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट, आणि मधलं पॅनेल त्या चौकटीच्या खाचेत नुसतं अडकवलेलं, खिळा नाही की गोंद नाही. उन्हाळ्यात ते आटतं, पावसाळ्यात फुगतं, दार तसंच राहतं. लाकूड हलणार हे आपल्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलं आहे.

प्लिंथलाही तेच करता येतं. गाभा प्लायचा, तीन थरांचा, मशीनचं सगळं वजन त्यावर. बाहेरून सागाच्या अरुंद पट्ट्यांची चौकट, दिसायला. अरुंद पट्टी आटून आटून किती आटेल? चिकटवण्याआधी सागाचा पृष्ठभाग थिनरनं पुसून घ्या, नाहीतर त्याच्या तेलामुळे गोंद धरत नाही. पॉलिश वर करता तसं खालीही करा, दोन्हीकडून ओलावा सारखाच शिरेल. माझ्या चौकटीचा साग त्या फाटलेल्या पाटातलाच आहे.

वजनाबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे, पण कोणत्या मशीनबद्दल बोलतोय हे तो सांगत नाही. गॅरार्ड ३०१ आणि ४०१, लेंको एल ७५ ही आयडलरची मशीनं: मोटर रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक रेकॉर्डखालच्या जड थाळीला ढकलतं, गॅरार्डमध्ये कडेला आतून, लेंकोत खालून. मोटरची थरथर थेट पुढे येते. हलक्या पोकळ पेटीत असं मशीन ठेवलं तर पेटी डफासारखी वाजते. इथे जड, भरीव प्लिंथचा खरा उपयोग आहे. पण १९६१ चं एआर एक्सए किंवा थोरेन्स टीडी १५० घ्या. यांत थाळी आणि आर्म एका वेगळ्या सांगाड्यावर असतात, आणि तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगतो. बाहेरच्या पेटीपासून त्याला तोडणं हीच त्या रचनेची सगळी कल्पना. तिथे दहा किलोंचा साग लावून आवाजात फारसं काही साधत नाही. उलट पाट जाड झाल्यामुळे स्प्रिंगा खालून जुळवायला हात पोहोचला नाही, तर चांगलं मशीन बिघडवून बसाल. आयडलरलाही 'घट्ट' बसवू नका. मोटरला हवा लागते, वेग बदलायच्या दांड्यांना खाली मोकळी जागा लागते.

स्पाइकबद्दल थोडकंच. टोकदार पायातून कंपन फक्त खाली जातं आणि वर येत नाही, असा एकतर्फी रस्ता लाकडात किंवा पितळेत नसतो. आपल्या घरांत एप्रिल ते जून खिडकीत कूलर धडधडत असतो. त्याच्या पंख्याची मोटर बहुधा मिनिटाला १४०० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला तेवीस-चोवीस. फरशी आणि टेबलातून ती थरथर स्पाइक इमानेइतबारे वर पोहोचवतात. रबराचे मऊ पाय किंवा कूलरच्या समोरच्या भिंतीत ठोकलेला कप्पा जास्त कामाचा.

राहिला मूळ प्लिंथ. गॅरार्ड पुष्कळदा प्लिंथशिवायच विकली जात, त्यामुळे तुमच्या मशीनखालची पेटी कुणीतरी मुद्दाम करून घेतलेली असण्याची शक्यता मोठी. ती ढिली झाली असेल, सनमायका सुटला असेल, तरी टाकू नका. नव्या प्लिंथसाठी तिच्याइतका खात्रीचा फर्मा दुसरा नाही: भोकाचा आकार, स्क्रूची अंतरं, आर्मची जागा, सगळं त्या फळीवर आधीच कापलेलं आहे. मशीन काढून ती फळी प्लायवर उलटी न ठेवता सुलटी ठेवा, आणि मिस्त्रींना पेन्सिल तिच्याच कडेनं फिरवू द्या.