गाडी मागच्या सीटवर बसून निवडा

गेले चार महिने आमच्या घरात एकच विषय चालला होता. सात सीटची मिडसाइज फॅमिली एसयूव्ही घ्यायची, की छोटी पण प्रीमियम बॅजची क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्या सांगाड्यावरची जरा उंच गाडी? दोघींचा हिशेब शेवटी जवळजवळ एकाच आकड्यावर येत होता, त्यामुळे पैशांकडे बोट दाखवून सुटका नव्हती. परवा बुकिंग केलं. या काळात जे शिकले ते लिहून ठेवतेय, कारण मी वाचलेल्या आणि पाहिलेल्या जवळपास प्रत्येक तुलनेत गाडी फक्त ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलेली होती.

घरात गाडी सगळ्यात जास्त मी चालवते, आणि मला ते मनापासून आवडतं. क्रॉसओव्हरच्या टेस्ट ड्राइव्हला पहिल्या पाच मिनिटांतच माझं मन तिच्यावर बसलं. स्टिअरिंग जरा हललं की गाडीचं तोंड लगेच वळतं. वळणावर अंग एका बाजूला कलंडत नाही. काचा वर घेतल्या की बाहेरचा रस्ता दूर गेल्यासारखा वाटतो. सीट पाठीला अशी धरून ठेवते की उतरावंसंच वाटत नाही. मॅट्रिक्स हेडलाइट समोरच्या गाडीपुरताच प्रकाश कापून बाकीचा रस्ता उजळलेला ठेवतात, आणि रात्री लांब चालवणाऱ्याला त्याची किंमत कळते. ही नुसती लोगोची हवा नव्हे. जाड काचा, दारांत भरलेलं आवाज शोषणारं साहित्य, नीट जुळवलेलं सस्पेन्शन, या सगळ्यावर खरोखर मेहनत आणि खर्च झालेला असतो. प्रीमियम गाडी म्हणजे फक्त दिखावा, असं म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडेन.

दुसऱ्या खेपेला आई-बाबांना आणि मुलांना सोबत नेलं. आईचे गुडघे दुखतात. तिने मागचं दार उघडलं, आत बसली, आणि पाय आत घेताना तिला दोन्ही हातांनी पाय उचलावा लागला. दाराचा खालचा भाग अरुंद, चाकाची कमान आत आलेली, छप्पर मागे उतरत गेलेलं. डोकं वाकवायचं आणि गुडघाही वळवायचा, दोन्ही एकदम. ती काही बोलली नाही. "छान आहे गं गाडी," एवढंच म्हणाली. पण मी तिचा चेहरा पाहिला होता. पुढची दहा वर्षं ती या दारातून आत-बाहेर करणार होती, आणि पहिल्या टेस्ट ड्राइव्हला मी ते दार उघडूनही पाहिलं नव्हतं.

तिथून माझी पाहण्याची पद्धत बदलली. नंतर प्रत्येक गाडीत मी आधी ड्रायव्हरची सीट नवऱ्याच्या उंचीला लावली, म्हणजे चांगली मागे, आणि त्याच सीटच्या मागे जाऊन वीस मिनिटं बसले. शोरूममधली मंडळी पुढची सीट आधीच पुढे ओढून ठेवतात, त्यामुळे मागे जागा ऐसपैस दिसते. ते लक्षात ठेवा.

या दोन प्रकारांत नेमका फरक कुठे आहे हे समजायला एक जोडी फार उपयोगी पडली. स्कोडा कोडियाक आणि ऑडी क्यू3. दोन्ही फोक्सवॅगन समूहाच्या, दोन्ही त्यांच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मवर उभ्या. दोन्हींत 2 लिटरचं, 190 पीएस ताकदीचं आणि 320 एनएम टॉर्कचं (म्हणजे खेचण्याच्या जोराचं) पेट्रोल इंजिन मिळत होतं. म्हणजे सांगाडा एका घराण्याचा, इंजिनही त्याच घराण्याचं. पहिल्या पिढीची कोडियाक, म्हणजे 2016 सालची, सुमारे 4.7 मीटर लांब. 2018 साली आलेली दुसऱ्या पिढीची क्यू3 सुमारे 4.48 मीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, कोडियाकचा 2791 मिलिमीटर आणि क्यू3चा 2680च्या आसपास. अकरा सेंटिमीटर. कागदावर किरकोळ वाटतात, पण तळहाताची रुंदीसुद्धा त्याहून कमी असते, आणि गुडघा आणि पुढची सीट यांच्यामध्ये एक तळहात असणं आणि नसणं यात सगळा प्रवास बदलतो. एका गाडीत तोच खर्च जागेवर आणि तिसऱ्या रांगेवर गेला, दुसरीत तो आतल्या कारागिरीवर आणि शांततेवर गेला. कंपनीने कुणाची फसवणूक केलेली नाही. कुणासाठी खर्च करायचा, एवढंच वेगवेगळं ठरवलं.

आणि जागेसाठी प्रीमियमवाल्यांनाही झुकावं लागलंय. बीएमडब्ल्यूची एक्स1 2009 साली आली तेव्हा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या रचनेवर बेतलेली होती, इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. चालवणारे खूश. 2015च्या दुसऱ्या पिढीत कंपनीने तो हट्ट सोडला, इंजिन आडवं बसवलं आणि पुढच्या चाकांची रचना घेतली. व्हीलबेस 2760 वरून 2670 मिलिमीटरवर आला, तरी मागची जागा वाढली आणि डिकी 420 लिटरवरून 505 लिटर झाली. त्यामुळे नुसत्या व्हीलबेसच्या आकड्यावरही भरवसा ठेवू नका. बॉनेटखाली किती लांबी खर्च झालीय यावर मागे किती उरते ते ठरतं.

आता तिसरी रांग. माझं मत इथे सगळ्यात कडक आहे. सात सीटच्या बहुतेक मिडसाइज गाड्यांची तिसरी रांग मोठ्या माणसाने लांबच्या प्रवासात बसण्यासाठी नसते. ती सीट सपाट दुमडून जमिनीत जावी लागते, म्हणून गादी पातळ. खाली मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे मागची चाकं जोडणारा दांडा असतो, म्हणून तिथली फरशी उंच. परिणामी गुडघे छातीकडे येतात आणि मांडीखाली आधार उरत नाही. शिवाय बसणारा थेट मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असतो, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्याला सगळ्यात जास्त लागतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसलेल्याला तोच खड्डा बराच कमी जाणवतो. मी एका गाडीत तिसऱ्या रांगेत अर्धा तास बसले आणि उतरताना कंबर धरली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तिथे मजा वाटते, ते खरं. पण खिडकी लहान, पुढे दोन रांगांच्या सीटा, बाहेरचं क्षितिज दिसत नाही. कान सांगतो की आपण हलतोय, डोळे सांगतात की स्थिर आहोत, आणि प्रवासात मळमळणाऱ्या मुलाचा त्रास तिथे वाढतो. आमच्या मोठ्याला तो त्रास आहे.

डिकीचंही तसंच. त्या पहिल्या कोडियाकमध्ये सातही सीटा उभ्या असल्या की मागे 270 लिटर उरतात. क्यू3मध्ये पाच जण बसल्यावर 530. म्हणजे सात माणसं भरली की मोठ्या गाडीची डिकी लहान गाडीच्या जवळपास निम्मी होते. सात जणांचं सामान मग कुठे? आणि वजन वेगळंच. सरासरी 65 किलो धरले तरी सात माणसं 455 किलोंची झाली, त्यावर बॅगा. दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत गाडी किती वजन वाहू शकते आणि भरलेल्या गाडीत टायरमध्ये हवा किती हवी हे छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सात सीटची गाडी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लिटरचा आकडा कसा काढतात तेही पाहून ठेवा. युरोपातल्या पद्धतीत 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात. ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यांत मावतात, बाळाची गाडी मावत नाही. आम्ही आमची बाळगाडी घेऊन शोरूममध्ये गेलो आणि प्रत्येक डिकीत ठेवून पाहिली.

लहान मूल असलेल्या घरासाठी मात्र खरी परीक्षा चाइल्ड सीटची. युरोपच्या आर129 नियमानुसार बाळ किमान 15 महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करून बसवायचं, आणि ते का हे समजून घेतलं की त्यात तडजोड करवत नाही. समोरून धडक बसली तर बाळाचं जड डोकं आणि नाजूक मान पुढे फेकली जाण्याऐवजी अख्खी पाठ तो भार घेते. पण ही सीट लांबीला प्रचंड जागा खाते. क्रॉसओव्हरमध्ये ती बसवली आणि पुढच्या प्रवाशाची सीट इतकी पुढे सरकवावी लागली की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मग मोठ्याचा बूस्टर, म्हणजे त्याला उंच करणारी छोटी सीट, दुसऱ्या बाजूला, आणि मधे आई. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे हूक बहुतेक गाड्यांत फक्त दोन कडेच्या सीटांना असतात, म्हणून मधली जागा मोठ्या माणसाच्याच वाट्याला येते. त्यात गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर मधोमध फरशीतून उंचवटा गेलेला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीच पाय फाकवून त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे. हे मला कुठल्याही तुलनेत वाचायला मिळालं नव्हतं.

मोठ्या गाडीतही सगळं सोपं नाही. दुसऱ्या रांगेत चाइल्ड सीट घट्ट बसवली की अनेक गाड्यांत ती रांग पुढे कलत नाही, आणि तिसऱ्या रांगेत शिरायची वाटच बंद होते. निसान पाथफाइंडरसारख्या काही गाड्यांत चाइल्ड सीट न काढता, फक्त मूल उतरवून, दुसरी रांग पुढे कलवता येते. ही सोय आहे का, हे विचारा आणि करून दाखवायला लावा.

टायरबद्दल थोडक्यात. मोठी अलॉय चाकं फोटोत सुंदर दिसतात. पण 18 इंची चाकाच्या 235/55 आर18 टायरची बाजूची भिंत सुमारे 129 मिलिमीटर उंच असते, आणि 20 इंची चाकाच्या 255/40 आर20 ची 102. ती भिंतच पहिला धक्का गिळते. क्रॉसओव्हर घ्यायची ठरली तरी चाक एक साइज लहान घ्या. मागे बसणाऱ्याला फरक लगेच कळेल.

आणि एक गोष्ट जिने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे, विमा कंपन्यांच्या पैशावर चालते आणि गाड्या आपटून तपासते. नव्या गाड्यांत पुढच्या सीटांचं संरक्षण इतकं सुधारलं आणि मागचं इतकं मागे पडलं, की 2007 पासूनच्या मॉडेलांत बेल्ट लावून मागे बसलेल्या माणसाला जिवावर बेतण्याचा धोका पुढच्यापेक्षा 46 टक्के जास्त आढळला. (लहान मुलांसाठी मागची सीटच अजूनही सुरक्षित आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मुलांना कृपया पुढे बसवू नका.) म्हणून डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी चाचणी बदलली आणि ड्रायव्हरच्या मागे माणसाच्या जागी एक छोटा पुतळा बसवला. पहिल्या 15 लहान एसयूव्हींपैकी फक्त दोघींना 'चांगली' हा शेरा मिळाला, फोर्ड एस्केप आणि व्होल्वो एक्ससी40. ऑडी क्यू3ला त्याहून दोन पायऱ्या खालचा शेरा मिळाला. नंतर 13 मिडसाइज एसयूव्ही तपासल्या, त्यांत 'चांगली' ठरल्या चारच. ना आकाराने मागच्या माणसाची खात्री दिली, ना बॅजने. मागच्या बेल्टला धक्क्याच्या क्षणी आवळणारी आणि मग छातीवरचा भार हलका करणारी यंत्रणा आहे का, हा प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक शोरूममध्ये विचारला. तीन ठिकाणी उत्तर मिळालं नाही, आणि सनरूफबद्दल मात्र न विचारता दहा मिनिटं ऐकावं लागलं.

आम्ही शेवटी मिडसाइज एसयूव्ही बुक केली, आणि तीही पाच सीटची. तिसरी रांग नको, त्या जागी डिकी हवी. दुसरी रांग मागे-पुढे सरकते, दार जवळजवळ काटकोनात उघडतं, आणि आई सीटवर आधी बसून मग दोन्ही पाय आत घेऊ शकते. शोरूममध्ये तिने तीनदा चढून-उतरून पाहिलं आणि तिसऱ्यांदा दाराचा दांडा धरला नाही. तेव्हाच मी होकार दिला. स्टिअरिंग त्या दुसऱ्या गाडीसारखं नाही. मला ते जाणवतं आणि जाणवत राहील.

माझ्या धाकट्या बहिणीने मागच्या आठवड्यात हाच प्रश्न विचारला. ती आणि तिचा नवरा, दोघंच. मागच्या सीटवर वर्षातून चार-पाच वेळा कुणी बसणार. रोज गर्दीतून चालवायचं, अरुंद जागेत लावायचं. तिला मी एका क्षणाचाही विचार न करता क्रॉसओव्हर सांगितली, लहान चाकांची. तिने ती घेतली तर पहिली लांबची फेरी मी चालवणार, हे तिच्याकडून आत्ताच कबूल करून घेतलंय.