ज्योत फोटोत आली पाहिजे

अभिनंदन! यंदाचा वार्षिक अहवाल तुमच्या गळ्यात पडलाय म्हणजे तुम्ही कॉलेजात सगळ्यात ज्युनियर आहात, आणि बहुतेक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाचे पैसे आणि हा अहवाल कुठल्याच तासात बसत नाही. वाईट वाटून घेऊ नका. मी हे काम सहा वर्षं केलंय आणि अजून जिवंत आहे, फक्त कुठेही समई दिसली की हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे जातो.

सुरुवात फोटोपासून करा, मजकूर नंतर सुचतो. कार्यक्रम तासाभरात आटपतो, फोटो मात्र नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या परिषदेची, कमिटी येईपर्यंत टिकला पाहिजे, आणि साधा फोटो चालत नाही, जिओटॅगवाला लागतो, खाली छोटा नकाशा, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. एकदा माझ्या मोबाईलने मराठी भाषा गौरव दिन कॉलेजमागच्या तलावाच्या मधोमध दाखवला होता. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या, सरांनी अर्धा तास स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, असू दे, पर्यावरणातही दाखवता येईल. आता तारखेचं. वाचन प्रेरणा दिन 15 ऑक्टोबरला असतो पण आपल्याकडे तो ग्रंथपालांना वेळ झाला की असतो. फोनची तारीख मागे नेता येते हे तुम्हाला मी सांगितलेलं नाही.

नॅकचे निकष सात, ते पाठ करा, बायकोचा वाढदिवस नंतर. वर्षभरात कॉलेजात जे काही हललं ते यातल्या एकात बसवायचं. वृक्षारोपण सातव्यात, रक्तदान तिसऱ्यात, गॅदरिंग पाचव्यात. फिशपाँड कुठे बसतात हे मला कळत नव्हतं, तर आमच्या एका मॅडमनी ते 'विद्यार्थ्यांचा अभिप्राय' म्हणून सरळ पहिल्या निकषात टाकले. त्यातले प्राचार्यांवरचे आधीच काढलेले होते अर्थात, कारण फिशपाँडच्या चिठ्ठ्या तपासायला आपल्याकडे तीन जणांची समिती असते, पेपर तपासायला एवढी माणसं मिळत नाहीत.

आता मुख्य प्रसंग. स्नेहसंमेलनाचं उद्घाटन. पत्रिकेत अकरा छापलंय म्हणजे पाहुणे साडेबाराला येणार आणि मुलं दहापासून बसलेली. दीपप्रज्वलन म्हटलं की सूत्रसंचालक आवाज खाली आणतो, कुठलीतरी संस्कृत ओळ म्हणतो, पाहुणे मेणबत्ती हातात घेतात, आणि पंखा. पंखा नेहमी समईच्या बरोबर वर असतो. तो बंद करायला शिपाईमामा स्टेजमागे जातात आणि कुठलं बटण कशाचं हे कुणालाच माहीत नसल्यामुळे आधी माइक जातो, मग सगळे लाइट जातात, मुलं शिट्ट्या मारतात, मग सगळेच पंखे बंद होतात आणि सहाशे मुलं एकदम घामाघूम. तोवर मेणबत्ती विझलेली. काडेपेटी कुणाकडेच नसते, कारण कॅम्पस तंबाखूमुक्त आहे, तसा बोर्ड आहे, बोर्डाचा जिओटॅग फोटोपण आहे. शेवटी विज्ञान विभागाचे एक ज्येष्ठ सर खिशातून लायटर काढतात आणि सगळं स्टेज दुसरीकडे बघतं.

वात पेटत नाही, कारण तेल सकाळीच घातलंय आणि वात कुणीतरी आत्ता घातलीय, कोरडी. पाहुण्यांच्या बोटांना चटका बसतो, ते हसतात, हसायलाच लागतं. पेटली एकदाची! टाळ्या. आणि तेवढ्यात फोटोग्राफर म्हणतो, साहेब, ज्योत आली नाय, परत एकदा. मग पेटलेल्या ज्योतीला सगळे पुन्हा विझलेली मेणबत्ती लावून उभे राहतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. इथे तुमचं काम एकच, बाजूने हात घालून ज्योतीला आडोसा करायचा, चेहरा फ्रेमबाहेर ठेवायचा. चेहरा आला तर प्राचार्य विचारतात हा कोण.

पुढचं सोपं आहे. प्रास्ताविकात संस्थेचा इतिहास येतो, परिचयात पाहुण्यांचा बायोडाटा येतो, पाहुण्यांच्या भाषणात ते स्वतः याच बाकावर बसून किती टवाळक्या करायचे ते येतं, आणि लावणी लागायच्या आत रात्रीचे दहा वाजतात म्हणून पोलिसांचा फोन येतो. आभारात एकही नाव गाळू नका. मी एका वर्षी मंडपवाल्याचं घेतलं आणि संस्थेच्या सहसचिवांचं राहिलं, त्यानंतर माझ्या मे महिन्याच्या बिलावर सही करायला कुणाला वेळच मिळेना, ते निघालं दिवाळीला. पहिल्या अंघोळीच्या दिवशी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, फराळाच्या आधी मी तोच पाहिला.

निकालाबद्दल लिहायचं की नाही, असं तुम्ही विचारणारच, नवीन आहात. लिहायचं, पण भाषा जपून. विद्यापीठ कायदा 2016 चा म्हणतो परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावा, फार तर 45. तेही जमलं नाही तर उशिरा का झाला याचा सविस्तर अहवाल कुलपतींना आणि सरकारला द्या. बघा, तिथेही शेवटी अहवालच आहे, आपण एकटे नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन तपासायच्या ठरवल्या, लाखो उत्तरपत्रिका स्कॅन, राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, ती गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना जावं लागलं. त्याच जुलैत विद्यापीठाला 160 वर्षं झाली होती. आता हे तुमच्याकडे झालं असतं तर अहवालात काय लिहिलं असतं? 'मूल्यांकन प्रक्रियेत तंत्रज्ञानाचा अभिनव वापर.' निकष दुसरा. शिका जरा.

पोरगं मार्कशीटसाठी खिडकीवर आलं तर त्याला 'प्रक्रिया सुरू आहे' सांगा आणि त्याचा रांगेतला फोटो काढा, विद्यार्थी सुविधा केंद्राच्या पानावर लागतो.

पदवीदानाला काय घालायचं याची काळजी तुम्ही करू नका, त्यासाठी मोठी माणसं आहेत. इंग्रजांचे काळे झगे गेले, छान झालं, मे महिन्यात त्यात माणूस उकडून निघायचा. मग पुण्यात 2019 ला कुर्ता आणि डोक्यावर पुणेरी पगडी आली, तर मुलांनी विचारलं, विद्यापीठाला नाव सावित्रीबाईंचं आणि डोक्यावर फुले पगडी का नाही, आणि झाला गोंधळ. प्रश्न रास्तच होता म्हणा. पण डोक्यावर काय हवं यावर जेवढं बोललं गेलं तेवढं पदवी हातात घेऊन जायचं कुठे यावर कुठल्या पदवीदानात बोलतात ते मला दाखवा, फोटोसकट.

सगळ्यात शेवटचं पान सेवापूर्तीचं. आपल्याकडे अर्धा स्टाफ एक जूनला जन्मलाय, शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती, त्यामुळे 31 मेला एकदम तीन-तीन जण रिटायर होतात. हा कार्यक्रम मात्र खरंच चांगला होतो, सांगतो. ज्या सरांनी आयुष्यभर मुलांना बाहेर काढलं ते माइकसमोर उभे राहतात आणि बोलता येत नाही त्यांना, चष्मा पुसत राहतात, आणि त्यांची बायको पहिल्या रांगेत पिशवीतला नारळ सांभाळत बसलेली असते. इथे फोटो काढताना जरा थांबलात तर चालेल. सरांची जागा भरणार का हे मात्र स्टेजवर विचारू नका. ती तुमच्यासारखे तिघं मिळून भरणार आहेत, तासाच्या हिशोबाने.

आणि तुमची नेमणुकीची ऑर्डर? ती संपली की, सेवापूर्तीच्या आधीच. पण सूत्रसंचालन तुमचंच, तेवढं करून जा म्हणतील. जूनमध्ये नवी जाहिरात येईल, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, त्याच खोलीत तीच माणसं आणि विचारतील, कॉलेजच्या उपक्रमांचा काही अनुभव?

म्हणून पुरावा ठेवा. मी गेल्या वर्षी शोधायला बसलो तर सहा वर्षांत काढलेल्या चार-पाच हजार फोटोंत मी कुठेच नव्हतो, काढणारा मीच ना. एकच सापडला. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघतायत, प्राचार्य पाहुण्यांकडे, आणि डावीकडून एक हात आलाय, शर्टाचं बटण तुटलेलं, समईला आडोसा केलेला. अक्षांश-रेखांश अगदी बरोबर आहेत, तलाव नाही. रंगीत प्रिंट काढून फाईलला लावलीय.