आर्किटेक्चर कशाला, आम्ही लीन आहोत!

सॉफ्टवेअरमध्ये लीन टीम, म्हणजे नासाडी टाळून काम करणारी टीम, व्हायचंय? सोपं आहे. आधी 'आर्किटेक्चर' (प्रणालीचे भाग कसे जोडायचे याची आखणी) हा शब्द मीटिंगमधून हद्दपार करा. कोणी चुकून उच्चारलाच, तर 'वेस्ट', म्हणजे नासाडी, एवढंच म्हणा. समोरचा ओशाळून गप्प बसतो.

लीन जिथून आलं त्या टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले. तुम्ही त्यात आठवा घाला: विचार करणे.

आकृत्या फळ्यावरच काढा आणि लगेच पुसा.

'निर्णय शक्य तितक्या उशिरा घ्या' हे लीन सॉफ्टवेअरवर पुस्तक लिहिणाऱ्या पॉपेंडिक दांपत्याने २००३ मध्ये मांडलेलं तत्त्व घोकून पाठ करा. फक्त त्यातला 'घ्या' गाळा.

डेटाबेस सामाईक ठेवा. ज्याला जे टेबल हवं ते त्याने थेट वाचावं. मध्ये एपीआय (दोन प्रोग्रॅममधला ठरलेला दरवाजा) आला की हँडऑफ (काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं) आला, आणि हँडऑफ म्हणजे पुन्हा नासाडी. आम्ही हे तंतोतंत पाळलं. मग परवा मागणी आली की ग्राहकाला एकाऐवजी दोन मोबाइल नंबर ठेवता यावेत. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, अंदाज दिला गेला, दोन तास. (देणारा मी नव्हतो, काम मात्र माझ्या गळ्यात पडलं.) ग्राहकाच्या टेबलला हात लावला तर बिलिंग झोपलं. बिलिंग उठवलं तर प्रत्येकाला दोन-दोन एसएमएस जायला लागले, कारण कुणीतरी मोबाइल नंबरलाच ग्राहकाची ओळख मानलं होतं. रात्रीचा रिपोर्ट तर कॉलम नावाने नाही, 'डावीकडून सातवा' म्हणून वाचत होता! सातवा! असं का केलं, हे विचारायचं कुणाला? लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला, आणि कारण चार ओळींत लिहून ठेवणं म्हणजे डॉक्युमेंटेशन, म्हणजे परत तीच नासाडी. अकरा दिवस गेले. वर रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाच्या आढावा मीटिंगमध्ये, प्रश्न आला, "एवढं काय होतं त्यात?"

प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये अशा कामाला कर्जाची उपमा दिली. तुम्ही बिनधास्त काढत राहा, हप्ते पुढची टीम भरेल.

टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. तुमच्याकडे कुणी दोरी ओढलीच, तर त्याच्या पुढच्या अप्रेझलमध्ये 'नकारात्मक वृत्ती' असं लिहा.

जाऊ दे, आता सरळच बोलतो. पॉपेंडिकांच्या ज्या यादीतून तुम्ही 'उशिरा' उचललंत, त्याच यादीत संपूर्ण प्रणाली बघा आणि एकसंधपणा आतूनच बांधा हेही आहे. ते वाचताना डोळे मिटले होते का? निर्णय लांबवायचा तर तो लांबवता येईल अशी जागा आधी करून ठेवावी लागते. डेटाबेस कोणता हे सहा महिन्यांनी ठरवायचं असेल, तर बाकीच्या कोडला तो माहीतच नसला पाहिजे. ती सीमा पहिल्याच आठवड्यात आखायची असते, आणि ती आखायला तीनशे पानी डिझाइन लागत नाही. दोन माणसं आणि एक दुपार पुरते. तुम्ही काहीच लांबवलं नव्हतं. पहिल्या दिवशी ज्याने जे टंकलं, तोच तुमचा निर्णय ठरला, आणि त्याला तुम्ही लीन म्हणत बसलात.

आणि पुन्हा 'दोन तासांचं काम' म्हणायच्या आधी ते टेबल कोण कोण वाचतं, याची यादी दाखवा. नाही ना यादी? मग दोन तास आले कुठून?