रातांब्याचं भावंड आणि माझं वजन

आमच्याकडे इंदूरला आमसुलं येतात ती वेंगुर्ल्याच्या मावशीकडून. पुडा उघडला की शेजारची भाभी दरवर्षी नव्याने विचारते, "ये काला-काला क्या है?" आणि दरवर्षी थोडी घेऊनही जाते.

गेल्या महिन्यात जिमच्या ट्रेनरने माझ्या हातात एक डबी ठेवली. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस हाणायचा आणि सकाळी ही कॅप्सूल घ्यायची, चरबी गायब! डबीवर नाव होतं गार्सिनिया कंबोजिया. गार्सिनिया? कोकमाचं, म्हणजे ज्याच्या साली वाळवून आमसुलं होतात त्या रातांब्याचं, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. म्हणजे हे आपल्या रातांब्याचंच भावंड की!

शोधत बसले. हे झाड सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातलं. कर्नाटकात शिरसीकडे त्याला उप्पगे म्हणतात, केरळात कुडमपुळी, तिथे ते माशांच्या कालवणात पडतं. फळ छोट्याशा भोपळ्यासारखं, फाकाफाकांचं. त्याच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं (आमसुलातही असतं, पण आमसुलाला कोण 'फॅट बर्नर' म्हणतंय!). 1990 च्या दशकात परदेशातून या सालीला मागणी आली आणि शिरसीकडच्या जंगलात फळं काढायची झुंबड उडाली.

इथे मला मावशी आठवली. अंगणातला रातांबा लालभडक होईपर्यंत ती थांबते, कारण रातोरात कुणी येऊन तो काढणार नाही. (शेजारचे काढतात कधीकधी, ते भांडण वेगळं.) जंगलातल्या झाडाचं तसं नाही. आज मी थांबले तर उद्या दुसरा तोडणार. म्हणून फळं हिरवीच उतरवायची, हात पोचला नाही तर फांदीच छाटायची. कच्च्या फळातलं बी रुजत नाही, नवी रोपं येणार कुठून? सिंहपुच्छ वानरंही हेच फळ खातात, त्यांच्या वाट्याला काय उरणार?

आणखी एक गोष्ट तर माझ्या डोक्यातच आली नव्हती. रातांबा वैशाखात पिकतो, साली उन्हात वाळतात, सूर्य काही बिल पाठवत नाही. उप्पगे येतं ऐन पावसाळ्यात. तिथल्या धो धो पावसात ऊन कुठलं? मग साली भट्टीवर वाळवायच्या. लाकूड अर्थात त्याच जंगलातलं. कमी लाकडात भागणाऱ्या भट्ट्या तिकडे आल्या आहेत म्हणे, पण लाकूड लागतंच.

"जंगलाला हातच लावू नका" असं इथे एसीत बसून लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. फळ काढल्याने झाड मरत नाही, आणि त्या चार पैशांवर तिथली घरं चालतात. घोळ आहे तो घाईचा. पुढच्या वर्षी हे झाड आपल्याच वाट्याला येणार अशी खात्री गावाला द्या, मग बघा लोक थांबतात की नाही. जंगलातल्या फळांचा नुसता लिलाव करून ठेकेदार आणलात तर तो कशाला थांबेल?

बरं, एवढं करून चरबी तरी जाते का? 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर 12 आठवडे चाचणी झाली. खऱ्या गोळीने आणि खोट्या गोळीने उतरलेल्या वजनात लक्षणीय फरक नव्हता.

डबी मी परत केली. ट्रेनर म्हणाला, "भाभीजी, नॅचरल है, जंगल से आता है." म्हटलं, तेच तर!

शिरसी-सिद्धापूरकडचं कुणी हे वाचत असेल तर सांगा, यंदा तुमच्याकडे उप्पगे पिकून उतरलं की हिरवंच?