एका बाळाची दोन वजनं

मी अंगणवाडी सेविका. मानधन एका खात्याचं, बोलणी मात्र सगळ्या खात्यांची. आमची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सेवा सहा, त्यातल्या लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या तीन आरोग्य खात्याच्या भरवशावर. छप्पर आणि नळ ग्रामपंचायतीच्या कृपेवर. तरी बाळ एकच जन्माला येतं, हे नवलच म्हणायचं.

तर वाडीतलं एक दीड वर्षाचं बाळ. माझ्या काट्यावर ९.१ किलो. वजन घेणं म्हणजे काय, हे सभेत बसणाऱ्यांनी एकदा बघावं. काटा आढ्याला टांगलेला. झोळीत घातलं की बाळाला वाटतं, आता आपल्याला विकणार. ते एका हातानं माझं मंगळसूत्र धरतं, पाय मदतनीसबाईंच्या पोटात रोवतं आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असा सूर लावतं. सुई गरबा खेळते. ती दमून क्षणभर थांबली की तो आकडा आपला. मग रेंजसाठी मारुतीच्या पारावर जाऊन पोषण ट्रॅकरमध्ये भरायचा. ॲप म्हणालं, हिरवं, म्हणजे वजन वयाला ठीक.

आठवड्याभरात आरबीएसकेची, म्हणजे आरोग्य खात्याच्या बालतपासणी पथकाची गाडी आली. त्यांच्या डिजिटल काट्यावर तेच बाळ ८.६! अठरा महिन्यांचा मुलगा ८.८ च्या खाली गेला की पिवळा, म्हणजे वजन कमी. अर्धा किलो बाळ मीच घरी नेलं असावं, अशा नजरेनं डॉक्टर बघायला लागले.

"सर, तुम्ही उघडं, उपाशी आणि नुकतंच शी झालेलं मोजलंत. माझ्याकडे ते स्वेटर, चांदीचा करदोटा आणि पोटभर पेज घेऊन आलं होतं."

हे वजा करायला रकाना नव्हता. तेवढ्यात आशाताईनं दंडाला पट्टी लावली. १२.४ सेंटीमीटर. साडेबाराच्या आत, म्हणजे पिवळंच. आता मी एकटी हिरवी उरले.

सिस्टर म्हणाल्या, काटा बदला. आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, आधी त्यांचा तपासा. पत्रं वर गेली, खाली आली आणि शेवटी पंचायत समितीत अभिसरण सभा लागली. आरोग्य, बालविकास, शिक्षण, पाणीपुरवठा, सगळे हजर. आपल्याला का बोलावलंय, हे पाणीपुरवठ्याच्या साहेबांना चहा येईपर्यंत कळलं नाही. (मला विचाराल तर तेवढाच एक प्रामाणिक माणूस.)

"आमचा आकडा पोर्टलवर गेलाय, आता बदलत नाही," आरोग्यवाले म्हणाले.

"आमचाही," आमचे साहेब म्हणाले.

दोन पोर्टलची आपसात बोलाचाली नाही. म्हणून ठरलं: संयुक्त वजन. काटा आरोग्याचा, सेल आमचे. सेलचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा, यावर दुसरा चहा झाला.

संयुक्त वजन भरलं ९ किलो. ८.८ च्या वर, आणि कुणीच खोटं पडलं नाही! टाळ्याच वाजायच्या होत्या, पण आशाताईनं कार्डावरची जन्मतारीख पाहिली. पत्रं फिरेपर्यंत बाळ वीस महिन्यांचं झालं होतं. वीसला ९.१ लागतात.

"बाई, त्याला आता खायला काय देऊ, तेवढं तरी सांगा," बाळाची आई म्हणाली.

इतिवृत्तात हा मुद्दा आला नाही. संयुक्त वजनांसाठी नवीन रजिस्टर मात्र आलंय. ते मीच भरायचं आहे.